बर्फाच्या कारखान्यात लिहिलेले प्रकरण

डिझेलच्या धुराचा वास आला की मला मालवण बंदरावरचा बर्फाचा कारखाना आठवतो. निवृत्तीनंतर मी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, मासेमारीवर प्रबंध लिहीत होतो. एका प्रकरणाचा खर्डा संध्याकाळपर्यंत पाठवला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती. आणि वादळामुळे गावात वीज नव्हती. कारखान्याच्या मालकाने माझा संगणक आपल्या जनरेटरवर जोडून दिला. मासळीच्या ओल्या टोपल्यांशेजारी बसून मी प्रकरण पुरे केले. खर्डा पाठवून बाहेर आलो, तेव्हा कामगार घरी गेले होते. मालक एकटाच पायरीवर बसला होता. “बर्फ कवाच तयार झालो, सर,” तो म्हणाला, “पण तुमच्या कागदातली मासळी कुसाक नको, म्हणान जनरेटर चालू ठेवलंय.” प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचे नाव मार्गदर्शकांच्या आधी आहे. क्रम चुकल्याचे मला सांगण्यात आले. मी तो बदलला नाही, आणि आजही बदलणार नाही.