थंड इंजिनाची खडखड

"अंकल, अब्बा गेले..." सना फोनवर एवढंच म्हणाली. मराठी प्रश्नाला कायम इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी. क्षणभर मला दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं. मुश्ताक, माझा दापोलीकडचा मित्र, दुबईत हमरिया बंदरावर बोटींचे सुटे भाग विकायचा. झोपेतच गेला. त्याला जाऊन काही आठवडे झाले, पण मनातून हलत नाही ते बापलेकीचं न मिटलेलं भांडण.

भांडण गाडीवरून होतं. अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात त्याची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी असे. रविवारी सकाळी तो बॉनेट उघडून ती सुरू करी. "सुधीर, ऐक. खडखडतंय." क्षणभराची ती खडखड लगेच थांबे, पण त्याचा चेहरा उतरायचा. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, आणि जुना झाला की गाडी सुरू होताना चेन सैल पडते, हे मला त्यानंच समजावलं. "चेन घसरली ना, की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. खलास." म्हणून गाडी फारशी चालली नाही तरी तो तेल वेळेवर बदले. टेन्शनर आणि चेनला जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडायच्या आधीच बदलायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. सामान मागवलं होतं, यायचं होतं.

नेमकं तेव्हाच सनाला मैत्रिणीबरोबर ती गाडी घेऊन फुजैराला जायचं होतं. मुश्ताकनं किल्ली खिशात टाकली.

"इट्स जस्ट अ नॉइज, अब्बा! गॅरेज सेड इट्स फाइन."

"गॅरेजवाले मलाही असंच म्हणाले होते."

"यू जस्ट डोन्ट ट्रस्ट मी." ती सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या फ्लॅटवर निघून गेली, आणि मग त्याचा फोनच घेईना.

खरं कारण मला ठाऊक होतं. ती लहान असताना फुजैराच्याच डोंगरातल्या रस्त्यावर चेन घसरून त्याची आधीची गाडी धावता धावता बंद पडली होती. मागून आलेला ट्रक कसाबसा थांबला. सना मागच्या सीटवर गाढ झोपलेली... "सांगून टाक तिला," मी म्हणालो. "नको रे, धास्ती घेईल. किती आवडतं तिला गाडी चालवायला! सामान येऊ दे, किल्ली तिच्याच हातात देतो, इन्शाल्ला." सामान आलं, तेव्हा तो नव्हता.

गेल्या आठवड्यात सनानं गाडी रिकव्हरी ट्रकवर घालून शारजातल्या दुसऱ्या एका गॅरेजात नेली. मीही गेलो. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, तर चेनची पट्टी मोडून तिचा तुकडा खाली तेलात पडलेला. "थोडा और चलाते, तो इंजन गया था," तो म्हणाला. तेव्हा मी सनाला फुजैराच्या रस्त्यावरच्या त्या ट्रकचं सांगितलं. "ही शुड हॅव टोल्ड मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली... रागानं की दुःखानं, मला कळलं नाही.

काल काम झालं. सनानं गाडी सुरू केली. खडखड अजिबात नाही. तिनं ती बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली, आणि तशीच बसून राहिली. सीट मुश्ताकच्या उंचीप्रमाणे मागे सरकवलेली. तिचे पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते. मेकॅनिक वाकून सीट पुढे घ्यायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला आणि मान हलवली. गाडी घरी मी आणली. ती शेजारी बसून होती.