नाव न सांगता केलेला फोन

कळसच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या द्वारकाबाईंनी कधी ठामपणे काही ठरवलं, असं गावात कुणाला आठवत नाही. साडी घ्यायला गेल्या की शेवटी दुकानदारच कंटाळून एक बांधून देई, आणि बाई ती घरी आणून ‘दुसरी बरी होती का गं?’ असं आळीभर विचारत फिरत. खिचडीत मीठ मात्र त्यांच्या हातून कधी कमी-जास्त पडलं नाही, कारण मिठाचा त्या विचारच करत नसत. विचार केला की बाईंचं बिघडायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दीर मोहनराव आणि जाऊ शेजारच्याच खोल्यांत राहायचे. गोठा एक, पाण्याची मोटर एक, सणाचं जेवण एक. मोहनरावांची एकुलती मुलगी स्वरदा. नाव तेवढं तिच्या आईने टीव्हीवरून उचललेलं, बाकी पोरगी अस्सल कळसची. अकरावीला बारामतीच्या कॉलेजात एसटीने जायची, आणि परत आली की आपल्या घराआधी मोठीआईच्या चुलीपुढे बसायची. द्वारकाबाईंना ह्या घराबाहेर दुसरं कुणी नव्हतं. हे एवढं सांगून ठेवतो, म्हणजे बाई इतक्या का घाबरल्या ते कळेल.

झालं असं, की डाळजचं स्थळ आलं. आप्पासाहेबांचा यशराज, कंपनीत कायम झालेला, वर घरचा बागायती ऊस. असलं स्थळ पोरगी अठराची होईपर्यंत थांबत नसतं, असं मोहनरावांनी ठरवलं. स्वरदा सोळाची. आता आपल्याकडे साखरपुड्यातच लग्न उरकायची पद्धत पडली आहे. लोकांना सांगायचं की सुपारी फोडायचीय, आणि जमलेल्या माणसांत भटजींनी हळूच अंतरपाट काढायचा. पत्रिका नाही, मांडव नाही, खर्च वाचतो. पद्धत चांगलीच आहे. पण तिच्या आडोशाला मुलीचं वयही झाकता येतं, आणि मोहनरावांना तेच हवं होतं.

“मोठीआई, बारावी तरी करू दे म्हनावं की आबांना,” स्वरदा मांडीवर डोकं ठेवून रडली. मोठीआईने तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, “बघू गं.” बाईंच्या तोंडून आयुष्यभर हाच एक शब्द निघत आला होता. दुसऱ्या दिवशी जावेने हळकुंडं पुढ्यात ठेवली आणि वाटायला सांगितलं. पिशवीच्या तळाशी मुंडावळ्याही दिसल्या. बाईंनी मुकाट्याने हळद वाटली.

वाटता वाटता मात्र विचार सुरू झाला, आणि नको तेच झालं. पोलिसांना कळवलं तर लग्न थांबेल. पण कुणी कळवलं हे दिराला कळलं, तर दार कायमचं बंद. नाव न सांगता फोन करता येतो का? आणि केला, तरी त्यांना कळतंच का?

हे विचारायचं कुणाला? शाळेतल्या आनंद गुरुजींना त्यांनी अगदी सहज म्हणून गाठलं. “गुरुजी, एक बाई हाय. म्हंजी मी न्हाय. दुसरीच. तिला पोलिसान्ला फोन करायचाय, पन नाव न्हाय सांगायचं.”

“एकशे बाराला करावा. नाव नाही सांगितलं तरी चालतं,” गुरुजी म्हणाले.

“मग त्यान्ला कळायचं न्हाय ना?”

“नंबर दिसतो त्यांना.”

“म्हंजी कळतंय?”

“नंबर कळतो. पण ते बाहेर कुणाला सांगत नाहीत. सांगू नये, असं आहे.”

“सांगू नये का सांगत न्हाईत?”

गुरुजींना पुढच्या वर्गावर जायचं होतं. बाई तिथंच उभ्या राहिल्या. नाव कळत नाही, नंबर कळतो. नंबर कळला तर नाव कळतं की नाही? किराणा दुकानदार म्हणाला, खोटंच नाव सांगायचं. कंडक्टर म्हणाला, खोटं सांगितलं तर आत टाकतात. एसटी स्टँडवर पूर्वी नाणं टाकून बोलायचा डबा होता, तो बघायला बाई गेल्या, तर भिंतीवर नुसता खिळा राहिलेला. जितक्या जणांना विचारलं तितकी उत्तरं आली, आणि बाईंच्या डोक्याची पार भेळ झाली.

शेवटी सुपारीच्या आदल्या दिवशी, पोरं जेवून वर्गात गेल्यावर, शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे उभं राहून त्यांनी आपल्याच मोबाईलवरून फोन लावला. ठरवून लावला असंही नाही. बोटानं लावला, आणि तिकडून एक मुलगी बोलायला लागली.

“मी कोन ते न्हाय सांगायची,” बाईंनी आधीच बजावलं.

“नका सांगू, मावशी. काय झालंय ते सांगा.”

आवाज इतका मऊ होता की बाईंनी सगळं ओतलं. गाव, आळी, वय, हळद, मुंडावळ्यासुद्धा. आणि शेवटी विचारलं, “मग उद्या या म्हनू का नको?” तिकडच्या मुलीने आधी सगळं लिहून घेतलं. “येतील, मावशी,” एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर बाईंना वाटलं, चूक केली. आणि लगेच वाटलं, आधीच करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी डाळजची मंडळी आली, चहा झाला, स्वरदाला हळद लागली. भटजी पिशवीत हात घालून अंतरपाट चाचपत होते, तेवढ्यात दारात गाडी थांबली. एक पोलीसबाई उतरल्या, मागोमाग एक हवालदार. पोलीसबाई काही बोलायच्या आत हवालदाराने आपला मोबाईल बघत मोठ्याने विचारलं, “मोहनराव कोण? तुम्हीच कळवलंत ना काल?”

पोलीसबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मोबाईल खिशात घालायलाही विसरला. पण शब्द सुटून गेला होता.

पेढ्यांचं ताट घेऊन फिरणाऱ्या द्वारकाबाई जागीच थांबल्या. मोहनराव? फोन तर आपण केला! आणि मग एकदम उमगलं. सिम घेताना दुकानातल्या मशीनवर बाईंचा अंगठा काही केल्या उमटला नव्हता. पातेली घासून घासून बोटांवरच्या रेघाच गेलेल्या. म्हणून सोबत आलेल्या मोहनरावांनी आपला अंगठा ठेवला होता, आणि नंबर त्यांच्या नावावर निघाला होता. नाव सांगायचं नाही म्हणून बाईंनी एवढा जीव टाकला, आणि नाव गेलं ते दिराचं!

आप्पासाहेब उठून उभे राहिले. “मोहनराव, सोयरीक नको हुती तर तोंडानं सांगायचं. घरी बलवून पोलीस आनता व्हय?”

“अवो पन मी कुठं...” मोहनरावांनी आपला फोन काढला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा खिशात ठेवला. मग त्यांचा हात थांबला. त्या दुसऱ्या नंबरचं रिचार्ज तेच मारायचे. त्यांनी मान वळवून थेट द्वारकाबाईंकडे पाहिलं.

पाया पडावं, पळावं, की पोलीसबाईंच्या मागे लपावं, बाईंना काही सुचेना. आता हा माणूस बोट दाखवणार आणि आपलं सगळं संपणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मोहनरावांनी पोलीसबाईंकडे पाहिलं, लेकीच्या हळदीच्या गालांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “व्हय. म्याच केला.”

का म्हणाले? पोलिसांच्या भीतीने? वहिनीची अब्रू राखायला? की त्या माणसालाही कुणीतरी थांबवावं असंच वाटत होतं? बाईंना ते तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी तर म्हणतो, मोहनरावांनाही कळलं नसेल.

डाळजची मंडळी जेवणाला न थांबता गेली. मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही, असं पोलीसबाईंनी त्याआधीच दोन्हीकडून लिहून घेतलं होतं. पोलिसांची गाडी वळते न वळते तोच स्वरदा शालू सावरत धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. “आबा! मला वाटलं तुमी माझं ऐकलंच न्हाय.” मोहनराव ताठ उभेच. कळत्या वयापासून पोरीला कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवावेत तेच त्यांना समजेना. मग हळूच एक हात तिच्या पाठीवर आला, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की बघवेना.

द्वारकाबाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पोटात जळलंही. पोरगी सुटली होती, घर टिकलं होतं, दिराखेरीज कुणाला काही कळलं नव्हतं. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी बाईंना गोठ्यात जाऊन रडावंसं का वाटत होतं, ते त्यांचं त्यांनाच उमजेना.

त्या वळल्या तेवढ्यात स्वरदा समोर आली. डोळे सुजलेले, गालावर तीच हळद.

“मोठीआई, तुला सगळं ठावं हुतं. तुझ्या मांडीवर रडले मी. तू हळद वाटत बसलीस.” तिने मनगटाने गालावरची हळद पुसली. “आबांनी केला. तुला एक फोन करता आला न्हाय?”

तिच्या खांद्यामागे मोहनराव उभे होते. ते जमिनीकडे बघत होते.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंना उत्तर द्यायला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

“न्हाय गं बाई,” त्या म्हणाल्या. “भ्याले मी.”