खालचा बोटभर पट्टा

तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की ही बाकावरून गायब. जेवताना चार घासांत तीनदा उठणार. आई म्हणायची, हिच्या बुडाखाली कुणीतरी निखारे ठेवलेत. अशा बाईने पोटापाण्यासाठी कोणतं काम धरावं? तर जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं! तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. घाई केली म्हणून अडीच होत नाहीत.

दुकान म्हणजे एका झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली. भिंगरी त्या खोलीत बसत नाही, फिरते. कॅसेट सुरू झाली की पडद्यासमोर हिच्या येरझाऱ्या सुरू, हातात फडकं, तोंडाने पुटपुट. कामात मात्र एक नंबरची हट्टी. ‘चालेल हो, जरा रेषा असल्या तरी,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की हिच्या नाकाला मिरच्या झोंबतात. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, कापसाने पुसायचं नाही, तंतू अडकतात. त्याला मऊ चामड्याचा तुकडा आणि स्पिरिट. लोक कॅसेटीत आपली माणसं शोधतात, ही बघणार लाल रंग पसरतोय का आणि उभ्या रेषा सरळ आहेत का. एकदा एक बाई आपल्या लेकीची पहिली पावलं बघून रडायला लागल्या, तर ही त्यांना म्हणते, “मागची दाराची चौकट बघा, कशी सरळ आलीय!” बाईंचं रडू जागच्या जागी थांबलं.

अशा भिंगरीच्या दुकानात एक दिवस घरचीच कॅसेट आली.

थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या डोळ्यांच्या पडद्यांना काहीतरी झालं होतं. औषधं चालू होती, पण डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. ताईने फोनवर सरळ मुद्द्यालाच हात घातला.

“आहे ते टिकेल तोवर टिकेल म्हणतात. त्याआधी मला एकदा आई बघायचीय. फोटोतली नको, हलतीचालती.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. साध्या फोटोलाही तोंड फिरवणारी बाई ती. पण एका दुपारी भाऊजींनी कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणला आणि सासूबाईंना खुर्चीत बसवून थोडंसं चित्रण केलं. भिंगरी तेव्हा नेहमीप्रमाणे कुठेतरी उंडारत होती. आई हलताना दिसेल अशी जगात तेवढी एकच फीत.

भिंगरीने ती आपल्या सगळ्यात चांगल्या मशीनमध्ये घातली आणि कपाळाला हात लावला. चित्र आडवं फाटत होतं. मागून आणलेला तो कॅमेरा कधीतरी आपटलेला असणार. त्यातून फीत किंचित वाकडी गेली होती, त्यामुळे सरळ चालणाऱ्या मशीनला तिचा मेळ लागेना.

“फाटकं तर फाटकं, दाखव मला,” ताई म्हणाली.

“असली आई दाखवू तुला? डोकं एकीकडे, धड दुसरीकडे?”

“अगं, पण मला दिसतंय तोवर...”

“ताई, तू मध्ये बोलू नकोस. मी करते ना!”

आणि मग हिच्या अंगात वारं शिरलं. जुन्या बाजारातून तिने तीन-चार व्हीसीआर उचलून आणले, एकावर चित्र उड्या मारायचं, एकावर नुसतं धुकं. दुसऱ्यांच्या कॅसेटी कोपऱ्यात पडून राहिल्या. गिऱ्हाइकं दारात आली की ही मागच्या दाराने बाहेर. घरी भाजी करपली, नवरा काही बोलला नाही, तर ‘बोलत का नाहीस’ म्हणून त्याच्यावरच उखडली. शेवटी तिला कळून चुकलं की फीत सरळ होणार नाही, मशीनच वाकडं करावं लागेल. तेही ते चांगलं मशीन, ज्याला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यावर पुढे इतर कुणाची कॅसेट धड चालली नसती. तिने इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, परत आली आणि पेचकस लावला. फीत ज्यांच्या अंगावरून जाते ते दोन छोटे खांब तिने केसाकेसाने फिरवले. फिरवायचं, बघायचं, दात-ओठ खायचे, पुन्हा फिरवायचं. आणि एका क्षणी आईचं डोकं आईच्या धडावर आलं.

कुणीही शहाण्या माणसाने इथे बहिणीला हाक मारली असती. पण जित्याची खोड! चित्राच्या खालच्या कडेला बोटभर पट्टा होता, त्यात पांढऱ्या रेषा नुसत्या वळवळत होत्या. तेवढा पट्टा हिच्या डोळ्यांत सलायला लागला. हेड पुन्हा पुसलं, खांब पुन्हा फिरवले. भाऊजींचा फोन आला, “ती विचारतेय गं.” ही म्हणाली, “झालंच, भाऊजी. खालचं तेवढं राहिलंय.” त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. दिवसामागून दिवस गेले, आणि पट्टा काही केल्या जाईना तेव्हा तिने तो कॉम्प्युटरवर कापून टाकला. चित्र आरशासारखं स्वच्छ झालं. भिंगरी लॅपटॉप घेऊन धावतच सुटली.

ताई टेबलावर पाण्याचा पेला चाचपत होती.

“परवा सकाळी उठले तर खिडकी नुसती पांढरी,” ती म्हणाली. “आता उजेड कळतो, बाकी काही नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू कामात होतीस.”

भिंगरीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. भाऊजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“लाव ते,” ताई म्हणाली. “तू बघ आणि मला सांग.”

चित्र सुरू झालं. आवाज म्हणजे पंख्याची घरघर आणि भाऊजींचं “इकडे बघा, इकडे बघा.” भिंगरीने घसा खाकरला. “चित्र एकदम स्थिर आहे. रंग कुठेही पसरत नाहीये...”

“रंग राहू दे. आई सांग.”

मग तिने पडद्यावर आईला शोधलं. “खुर्चीत बसलीय. तो हिरवा स्वेटर उसवून त्याची लोकर खाली सोडतेय. भराभर. आता खाली बघून काहीतरी म्हणाली. हसतेय... ताई, आई हसतेय!” इतक्या वेळा फीत फिरवूनही हे हसू तिने आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

“माझ्याशी बोलतेय ती,” ताईचा चेहरा उजळला. “मी पुढे जमिनीवर बसले होते, लोकर हातांवर धरून. आई म्हणाली, नशीब भिंगरी नाहीये, नाहीतर नुसता गुंता झाला असता. माझे हात दिसतायत ना? अगदी खाली असतील बघ.”

लोकर आईच्या बोटांतून खाली येत होती आणि स्वच्छ, सरळ कडेशी संपत होती.

भिंगरी ताडकन उठली, एक चप्पल पायात. “मूळ कॅसेट दुकानात आहे. आत्ता आणते. त्यात आहेत, ताई, मी फक्त...”

“फक्त काय?”

“कापले. तिथे रेषा होत्या.”

ताईने हात मांडीत घेतले. “म्हणजे मी नाहीच यात.”

“आणते म्हटलं ना आत्ता!”

“आणून मी काय बघू, वेडे? बस इथे. मला नुसतं सांग. कसे होते गं माझे हात तेव्हा?”

भिंगरी बसली. त्या पट्ट्यावर तर तिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं, ते हात तिने शेकडो वेळा पाहिले असणार. कुठली रेषा कुठून उठते, किती वळवळते, कुठे विझते, सगळं तिला तोंडपाठ होतं. हात आठवेनात.