गुरुजींचा दुसरा विद्यार्थी

मी पदवीधर झालो तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. मुलुंडच्या घरी पेन्शन योजनेचा एजंट आला, तेव्हा भिंतीवरचा त्यांचा फोटो मीच त्याला अभिमानाने दाखवला. तो लगेच म्हणाला, "काका, मी पण त्यांचाच विद्यार्थी." मग त्याच्यासमोर बसून त्याने दिलेला फॉर्म वाचणं मला गुरुजींचा अपमान केल्यासारखं वाटलं. मी सही केली. निवृत्तीचा सगळा फंड त्याच्या बनावट योजनेत गेला.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "सही तुमचीच ना, काका? फॉर्म वाचला नाही? शिकलेले दिसता."

त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं:

"गुरुजी, सा. न. माझा निवृत्तीचा फंड गेला. न वाचता सही केली, असं तक्रारीत लिहून दिलंय. का केली, ते लिहिलेलं नाही. तुमचं नाव चौकीत घेतलं नाही."