उंदीर नसलेलं उंदराचं प्रोटीन

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत बाप्पा! फ्रिजरमधल्या बर्फासारखे आपोआप साचतात. आमची लॅब नवा रायपुरातली. रस्ते एवढे मोठे, की चहा प्यायचा तर आधी गाडी काढा. म्हणून दिवसभर आम्ही आतच बसतो आन् एकमेकांचं डोकं खातो.

*

यंदाची हीरोइन आमची प्रज्ञा. पीएचडीचा शेवटचा प्रयोग राहिला होता, त्यासाठी उंदराचं एक प्रोटीन मागवलं. ते प्लेटीच्या तळाले लावायचं, वरून पेशी सोडायच्या, आन् चिकटतात का ते पाहायचं. चिकटल्या तर थिसिस जमा. नाही तर दुसरी शीशी यायलेच कितीतरी महिने, आन् पोरीची फेलोशिप तर संपतच आली होती!

*

रायपुरात तात्यापाऱ्यातल्या घरी तिच्या आईनं विचारलं, "घरात उंदीर कमी आहेत का? विकत काहून आणता?"

"आई, यात उंदीर नाहीच. त्याचा फक्त जीन घेतला, प्रोटीन दुसऱ्याच पेशींत बनवलं."

"उंदीर नाही, तर मग उंदराचं कसं?"

प्रज्ञानं हे लॅबात तिच्या गाइड सरायले विचारलं. सर म्हणाले, "तू आधी प्रयोग कर."

*

पार्सल आलं तो तर तमाशाच! हे एवढं थर्माकोलचं खोकं, आत करंगळीएवढी शीशी, आन् शीशीत काहीच नाही! सरांनी तिथूनच कंपनीले फोन लावला, "खाली शीशी भेजे हो भैया!"

पलीकडचा पोट्टा शांतपणे म्हणे, "सर, सुखाया हुआ प्रोटीन है, दिखता नहीं. आप खोले तो नहीं ना?"

सरांनी उघडलेलं झाकण हळूच परत लावलं. "नहीं, नहीं!"

*

पण खरी भीती गजूभाऊची. हा प्रज्ञाचा सीनियर. फ्रिजरमधलं चांगलं काही याच्या हातून वाचत नाही. विचारलं की म्हणते, "हव, उधार घेतलं!"

म्हणून प्रज्ञानं प्रोटीन विरघळवून छोट्या ट्यूबांत वाटलं आन् प्रत्येकीवर लिहिलं, 'एक्सपायर्ड'. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष, की आम्हाले समोसे खाऊ घातले.

मग इन्स्पेक्शन आलं. सर सकाळीच कामाले लागले आन् एक्सपायर्ड लिहिलेलं झाडून सारं कचऱ्याच्या गाडीत! प्रज्ञानं येऊन फ्रिजर उघडला आन् मटकन खालीच बसली.

"सर, ते खोटं लिहिलं होतं हो..."

पोट्टी हुंदके देऊन रडून राहिली. सरांचा चेहरा पांढराफटक. लई वाईट वाटलं.

गजूभाऊ खाकरला. खालच्या मजल्यावरच्या फ्रिजरकडं गेला आन् दोन ट्यूबा आणून तिच्या हातावर ठेवल्या. "मागच्या हप्त्यातच उचलल्या होत्या."

त्या दोन ट्यूबांवर प्रयोग निभावला. प्लेट धुतली तरी पेशी गोचिडासारख्या चिकटून! प्रज्ञानं मायक्रोस्कोपवरून मान वर केली, डोळे पुसले आन् गजूभाऊकडं वळली.

"पण एक्सपायर्ड लिहिलं होतं ना त्याच्यावर? तरी काहून उचललं?"

"काहून म्हणजे? माझ्या चांगल्या मालावर मी पण तेच लिहितो!"

सर स्टुलावर बसले.

"म्हणजे त्या दिवशी मी काय काय फेकलं बे?"