अगोदर पैसे देणारी वेबसाईट

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स आपलं नावाला. सातबारा काढून देणं, पीक विमा भरणं, दाखले स्कॅन करणं, असलं सगळं चालतं. आणि गेल्या काही वर्षांत एक काम असं मागे लागलंय की त्याचा रुपया मिळत नाही, मनस्ताप मात्र रोजचा. कुणीतरी येतं, मोबाईल काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "ताई, ही साईट खरी का खोटी?"

घरबसल्या कमवा म्हणे. टायपिंग करा, जाहिराती बघा, व्हिडिओला लाईक करा, पेन्सिली पॅक करा. पेन्सिलींचं काम तर इतक्या जणींनी दाखवलंय की एवढ्या पेन्सिली झिजवतंय तरी कोण, असं वाटावं. मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या स्टँडला माहीत आहे. "खोटी," म्हणते आणि मोबाईल परत सरकवते. तेवढ्यावर माणूस हलत नाही. मग दाखवावं लागतं. पानावर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं पळत असतं, थोड्याच जागा शिल्लक, लवकर करा. मी पान रिफ्रेश करते. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. "बघ, खास तुझ्यासाठी मुदत वाढवली हो," म्हणते. मग पत्ता शोधते. बहुतेक वेळा नसतोच. एकदा होता, नगरच्या नागापूर एमआयडीसीतला. आमचे हे तिथे एका कंपनीत लेथवर होते, त्यांना तिथली गल्ली न् गल्ली पाठ. प्लॉटचा नंबर ऐकून म्हणाले, "तिथं टायर रिमोल्डिंगवाला बसतो. तो स्वतःच्या भावाला उधार देत नाही, तुम्हाला कमवायला काय देणार?"

सगळ्यात पक्की खूण म्हणजे रजिस्ट्रेशनची फी. ती मागितली की आपण लिहायचं, माझ्या पहिल्या कमाईतून कापून घ्या. खरा मालक असेल तर त्याला यात काय अडचण? यांना असते. लगेच भाषा बदलते, नियम निघतात, मॅनेजर निघतो. हे मी लोकांच्या डोळ्यांदेखत करून दाखवते. लोक हसतात, मान डोलावतात, पटलं म्हणतात. आणि मोबाईल खिशात घालता घालता विचारतात, "पण ताई, एखादी तर खरी असंल ना?"

तिथे माझं डोकं सणकतं. खोटी ओळखायला कुणी येतच नाही माझ्याकडे. सगळे येतात ती एक खरी शोधायला. आमचे हे मला चिडवतात, "तुझं हे दुकान आहे का पोलीस चौकी? आणि चौकीत तरी लोक ऐकतात."

गेल्या साली पोळा झाल्यावर ती आली. जवळच्याच एका खेड्यातली, तिशी नुकतीच ओलांडलेली, बारावी शिकलेली. मुलीच्या दाखल्यांसाठी माझ्याकडे यायची, म्हणून ओळख. नवराबायको दोघं दरवर्षी ऊस तोडायला जात. आमच्याकडे हे नवीन नाही. अशा जोडीला कोयताच म्हणतात, एक जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम प्रत्येक कोयत्याला पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, माणूस बांधील.

"ताई, आवंदा मला उसाला जायचं न्हाई," ती म्हणाली. "पोरगी धाव्वीला हाय. आजपतुर सासू सांभाळायची तिला. सासू उन्हाळ्यात गेली. आता पोरीला एकटीला घरात कशी ठिवू? आन् फडावर नेली तर शाळा संपली तिची."

नवरा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. बायको घरी राहिली तर कोयता मोडतो, तो अर्धाच राहतो, आणि अर्ध्यात घर चालत नाही. घरी बसून चार पैसे मिळवून दाखव, मग रहा. एवढंच तो म्हणाला होता. दसऱ्याच्या आत मुकादमाला हो का नाही सांगायचं होतं. म्हणून तिने मोबाईल काउंटरवर ठेवला.

इंटरनेटवर हॉटेलांना आणि दुकानांना चांदण्या, म्हणजे रेटिंग, द्यायचं काम होतं. लिंक उघडायची, पाच चांदण्या टिचकवायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर एक मॅडम होती, गोरीपान, साडीतली, सगळ्यांना दीदी म्हणायची.

"फी किती मागितली?" मी विचारलं.

"न्हाई मागितली. उलट त्यांनीच दिलं." तिने बँकेचा मेसेज दाखवला. खरंच आले होते. चार दिवस, रोज थोडे थोडे.

मागणारा चोर ओळखता येतो, देणाऱ्याला ओळखायला माणूस तयार नसतो. मी तिला सांगितलं, बाई, हे आमिष आहे. मासा गळाला लागायच्या आधी दाणे टाकतातच. आता ते तुला पैसे भरायला सांगतील, दुप्पट देतो म्हणतील. आलेत तेवढे गुपचूप खा, ग्रुप सोड आणि त्यांचा नंबर बंद कर. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही.

"पर ताई, जेवले की मी," ती म्हणाली.

तरी मी बोलले, पोटतिडकीने बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "त्यांचं पैसं घेतल्यात मी. आता काम टाकून पळून कसं जायचं? उचल घिऊन पळणारी मानसं न्हाईत आमी."

हे मला आधी नीट कळलंच नाही. मी मास्तराची मुलगी, महिना भरला की पगार बघितलेली. आधी काम, मग पैसा. तिच्या जन्मात हे उलटं होतं. आधी पैसा, मग काम. ज्याने आधी पैसा दिला तो मालक खरा, आणि पैसा घेऊन जो पळाला तो माणूस खोटा. त्यांच्या गावात एक घर होतं, कधीकाळी उचल घेऊन पळालेलं. त्या घराला पुन्हा कुठल्या मुकादमाने टोळीत घेतलं नाही, लग्नकार्यातसुद्धा लोक टोमणे मारत. लोभाने फसणारी मी रोज बघते. ही इमानाने फसत होती आणि मी तिला इमान सोड म्हणून सांगत होते. ते माझ्या तोंडी शोभत नाही, असंच तिला वाटलं असणार.

पुढे मी म्हटलं तसंच झालं. मॅडमने सांगितलं, आता मोठं काम आहे, पाच दीदींचा गट आहे, प्रत्येकीने थोडे पैसे भरायचे, काम पूर्ण झालं की वाढवून परत. पहिल्यांदा परत आलेही. दुसऱ्यांदा ॲपवर आकडा दिसायला लागला, हातात मात्र येईना. काढायचे तर आणखी भरा. ती माझ्याकडे आली नाही. माझं उत्तर तिला माहीत होतं, आणि माझी जीभही. शेळ्या विकल्या. मग बचत गटाचं कर्ज उचललं, मुलीच्या क्लाससाठी म्हणून.

आली ती दसऱ्याच्या तोंडावर. चपला बाहेर काढून आत आली, देवळात आल्यासारखी. दुकानात कुणी चपला काढत नाही. तिथेच मला कळलं की गेलं सगळं.

मी मोबाईल घेऊन सगळं वाचून काढलं. मॅडमचा शेवटचा मेसेज होता, टॅक्स भरल्याशिवाय रक्कम सुटणार नाही. मला समोरच्या बाईचाच राग आला होता. एवढं कानीकपाळी ओरडून सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "ताई, मी आता भरलं न्हाई तर त्या चौघींचं काय हुईल?"

"कुठल्या चौघी?"

"माझ्या गटातल्या. मॅडम म्हनल्या, एकीनं काम सोडलं तर समद्यांचं पैसं अडकत्यात. एक सोलापूरची हाय, तिचं लेकरू दवाखान्यात हाय. रोज मेसेज करती, दीदी, मला मदीच सोडू नको. तिच्यासाठीच तर शेळ्या विकल्या मी. टोळीतला एक कोयता पळाला की त्याच्या वाटचा ऊस बाकीच्यांच्या डोक्यावर येतो. मला म्हाईत न्हाई का ते?"

मी त्या सोलापूरच्या बाईचे मेसेज बघितले. मराठी तोडकंमोडकं होतं, कुणीतरी मशीनवर भाषांतर करून पाठवल्यासारखं. लेकराचा जो फोटो होता तो मी इंटरनेटवर शोधला, दहा ठिकाणी निघाला, दहा नावांनी. मी तिला स्क्रीन दाखवली. म्हटलं, बाई, त्या चौघी नाहीतच. मॅडमही नाही. कुठेतरी खुर्चीत बसलेला एखादा बाप्या आहे, तोच मॅडम, तोच सोलापूरची, तोच सगळ्या.

पैसे गेले म्हणून ती रडली नव्हती. आता रडली. "मंग मी कुनासाठी थांबले हुते?" म्हणाली. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. लुटायचं तर लुटा मेल्यांनो, पण माणसाच्या चांगुलपणाला हात घालून लुटता?

तक्रार केली. सायबरच्या हेल्पलाईनला फोन लावला, ऑनलाईन भरलं, तक्रारीचा क्रमांक आला. बँकेतही जाऊन आलो. पैसे गेले ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि पुढे कुठे ते कुणाला सांगता येईना. तो क्रमांक टाकून मी अजूनही अधूनमधून बघते. तपास चालू आहे, असं येतं.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघाल्या. स्टँडच्या बाजूला पेट्रोल पंपाजवळ ट्रॅक्टर लागले, ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, बाजरीची पोती, झोपडीच्या चटया. ती मोबाईलला रिचार्ज मारायला आली. मुलगी बाहेर पायरीवर उभी होती, शाळेचाच ड्रेस, वर बापाचा जुना शर्ट.

मी आमच्या ह्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. मुलगा पुण्याला असतो, त्याची खोली रिकामी. मी म्हटलं, "हे बघ, पोरीला माझ्याकडे ठेव. तिची शाळा इथून दहा मिनिटांवर. जेवेल खाईल, दुकानात बसून अभ्यास करेल. मार्चमध्ये परीक्षा देईल. तू निर्धास्त जा."

तिचा चेहरा एकदम उजळला. तसा मी तो आधी कधी बघितला नव्हता. पण क्षणभरच. मग ती काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिली.

"लई मोठं मन हाय तुमचं, ताई. पर आता जमायचं न्हाई."

"का? बाप नाही म्हणतो?"

"त्यो काय म्हननार? बचत गटाचं पैसं भरायचं हुतं. बायका दारात यायला लागल्या. मंग त्यानं मुकादमाकडून दीड कोयत्याची उचल घेतली."

मला अर्धा कोयता कोण ते विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"पोरगी," ती म्हणाली. "तिच्या नावावरची उचल गटाला भरली. ती हितं ऱ्हायली तर तिच्या वाटचा ऊस टोळीनं का तोडायचा? लोकं काय म्हनतील, पैसं घेतलं आन् पोरगी लपवली."

ते पैसे आम्ही देतो, असं माझ्या ओठांवर आलं. ह्यांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला तितका सराव नाही, त्या दिवशी जमलं.

ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. ती पदर खोचून निघाली, दारात थांबली, म्हणाली, "तुमी म्हनलं तसंच झालं बघा." त्यात टोमणा नव्हता. माझं बरोबर निघालं याचं तिला कौतुकच वाटत होतं.

ती पायऱ्या उतरल्यावर मुलगी आत आली. आईला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात बोलली.

"काकू, दहावीच्या परीक्षेची फी भरलीय आम्ही. आता बसणार नाही म्हणून कळवलं, तर ती परत मिळते का?"

"नाही मिळत," मी म्हटलं.

"मी विचारलेलं मम्मीला सांगू नका," म्हणाली, आणि पळत जाऊन ट्रॉलीत चढली.