पहिले फ्लॉपी, मग गोष्टी

मेश्रामबाईंच्या दारात कुणी आलं की त्या आधी चेहऱ्याकडे नाही, हाताकडे पाहत. हातात फ्लॉपी दिसली की तळवा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "पहिले फ्लॉपी, मग गोष्टी." मग तो शाखेचा मॅनेजर असो की शेटजींचा जावई. तपासणी होईपर्यंत गप्पागोष्टी करायची कुणाची इच्छाच उरत नसे, ते सोडा.

सदर भागातल्या आमच्या औषधांच्या पेढीत ऐंशीचं दशक संपता संपता चार कम्प्युटर आले, एका वायरीनं एकमेकांना जोडलेले, आणि ती खोली मेश्रामबाईंच्या ताब्यात. बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस शिरला तर एकाचं दुखणं चौघांना लागणार. म्हणून बाईंनी कोपऱ्यात एक जुना कम्प्युटर वेगळा ठेवला होता. बाहेरची प्रत्येक फ्लॉपी आधी त्यात जायची. आमचे हिशेबनीस एकदा हसत म्हणाले, बाईंचं सोवळं फार कडक. बाई हसल्या नाहीत. "माणसाले विटाळ नसते साहेब, फ्लॉपीले राहते," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. ज्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्यांना हे महाशय सोवळं सांगायला निघाले होते!

बाईंची चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही, आईही गेलेली. आम्ही बायका व्हरांड्यात डबे उघडायचो, पण त्यांना कुणी हाक मारत नसे. कुणाच्या पोराच्या खेळाची फ्लॉपी त्यांनी परत पाठवली होती, कुणाला चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. माझं टायपिंगचं टेबल त्यांच्या दाराशीच, म्हणून मी कधी कधी आत जाऊन बसे. मला पाहून त्यांना इतका आनंद व्हायचा की उठायला माझं मन होत नसे.

त्यांच्याशी खऱ्या गोष्टी करणारा माणूस एकच, कामठी शाखेचे हेडाऊ. मूळचे खाप्याचे, विधुर, स्वभावानं गरीब. दर महिन्याला फ्लॉपी घेऊन यायचे आणि ती तपासून होईपर्यंत स्टुलावर बसून बोलत राहायचे. बाई चक्क हसायच्या. एके दिवशी हेडाऊंनी लग्नाचं विचारलं. बाईंनी पुढच्या खेपेपर्यंत वेळ मागितला. पुढची खेप येईपर्यंत त्या नव्या साडीत दिसू लागल्या होत्या, म्हणजे उत्तर काय ते मला आधीच कळलं होतं.

हेडाऊ आले. बाईंनी सवयीनं तळवा पुढे केला. फ्लॉपी कोपऱ्यातल्या मशीनमध्ये गेली आणि व्हायरस निघाला.

बाईंनी विचारलं, तुमच्या मशीनमध्ये बाहेरचं काय घातलं? हेडाऊ लाजले, मग रडकुंडीला आले. जात वेगळी म्हणून घरचे अडून बसले होते. गुण जुळलेले दाखवले तर मऊ पडतील, या आशेनं त्यांनी कुणाकडून तरी पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी आणली आणि शाखेच्या कम्प्युटरवर स्वतःची आणि बाईंची पत्रिका मांडली. नुसती साफ करा, शेटजींना सांगू नका, नोकरी जाईल, म्हणून विनवू लागले.

"कामठीची फ्लॉपी वर्ध्याले जाते, भंडाऱ्याले जाते," बाई म्हणाल्या. "तिथं कोण तपासते?"

"माझ्यावर एवढाही भरोसा नाही?"

"तुमच्यावर आहे, हेडाऊजी. फ्लॉपीवर नाही."

आणि त्या उठून शेटजींच्या केबिनमध्ये गेल्या.

वर्ध्याच्या शाखेतल्या मशीनमध्येही तो व्हायरस सापडला, वेळेत सापडला. हेडाऊंची नोकरी गेली आणि ते खाप्याला भावाकडे निघून गेले. पेढी वाचली, पण बाईंना कुणी शाबास म्हटलं नाही. उलट व्हरांड्यात बायका म्हणाल्या, हिनं लग्नाआधीच नवरा खाल्ला. मी त्यांना चांगलं सुनावलं, त्यानं काही फरक पडला नाही.

एकदा मी बाईंना विचारलं, गुपचूप साफ करून दिली असती तर कुणाला कळलं असतं? त्या म्हणाल्या, "मले कळलं असतं ना वं. मग दुसऱ्याची फ्लॉपी कोणत्या तोंडानं मागू?"

त्यानंतर कामठीची फ्लॉपी पार्सलनं येऊ लागली. बाई ती तपासत, शेजारचं स्टूल रिकामंच.

पुढे पेढी मुंबईच्या लोकांनी घेतली, सगळ्यांची पांगापांग झाली. शेवटच्या दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला. आम्ही दोघी कम्प्युटरच्या काळ्या पडद्यांसमोर घाम पुसत बसलो होतो. बाई म्हणाल्या, "आमच्या घरी कोणी पत्रिका मानत नाही सुमन, तुले तर माहीत आहे." मी मान हलवली. त्यांनी पदरानं चेहरा पुसला.

"पण त्यायनं सांगतलंच नाही वं, किती गुण जुळले ते."